शेक्सपिअरची ढाल

विल्यम शेक्सपिअरचे नाव कानांवरून गेले नाही असा सुशिक्षित मराठी माणूस विरळाच. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेट विकारविलसित या नावाने मराठीत आणला, देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला, गणपतराव जोशांच्या हॅम्लेटची कीर्ती आजोबांच्या तोंडून आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल, आणि १९७० मध्ये शिरवाडकरांच्या नटसम्राटाने लिअर राजाचे दुःख मराठी घरांत आणून बसविले. या नाटकांचे रसग्रहण करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाचा नाही. आयुष्यभर सरकारी फायली चाळलेल्या माणसाला थोर पुरुषाच्या चरित्रातही प्रथम दिसते ती एखादी फाईलच. शेक्सपिअरच्या चरित्रात अशी एक फाईल आहे, आणि तिच्यात त्याच्या नाटकांचा चकार शब्द नाही.

लंडनमध्ये कॉलेज ऑफ आर्म्स नावाची संस्था आहे. नाव कॉलेजचे असले तरी तेथे शिक्षण दिले जात नाही. इंग्लंडातील घराण्यांची कुलचिन्हे ठरविणे व त्यांची नोंद ठेवणे हे तिचे काम. तिच्या दप्तरात २० ऑक्टोबर १५९६ या तारखेचे दोन कच्चे मसुदे आहेत. स्ट्रॅटफर्ड गावच्या जॉन शेक्सपिअर नामक गृहस्थाला ढाल व तुरा धारण करण्याचा वंशपरंपरागत अधिकार द्यावा, असा त्यांचा आशय. हा जॉन म्हणजे आपल्या नाटककाराचा पिता.

ही कुलचिन्हांची विद्या मध्ययुगातील. बाराव्या शतकात युरोपचे सरदार डोक्यावर पोलादी शिरस्त्राण घालून लढू लागले, तेव्हा चेहरा झाकला गेल्याने आपला कोण नि परका कोण हे कळेना. म्हणून ढालीवर ठळक रंगांत खूण रंगविण्याची चाल पडली. बापाची खूण मुलाकडे आली आणि ढाल हीच घराण्याची ओळख ठरली. त्या खुणा ओळखणारे, सामन्यांत सरदारांची नावे पुकारणारे जे राजसेवक, त्यांना हेरल्ड म्हणत. पुढे त्यांचेच रीतसर खाते झाले आणि १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्ड राजाने त्यांना सनद दिली. नियम कडक होते. सोने व रुपे हे दोन धातू, तांबडा, निळा, काळा, हिरवा व जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. धाकट्या पातीने मूळ चिन्हात लहानशी खूण घालून आपला वेगळेपणा दाखवावा. १५३० पासून हे अधिकारी परगण्यापरगण्यांतून फिरत, घराण्यांचे पुरावे तपासत, वंशावळी उतरवून घेत, आणि अधिकार नसता ढाल मिरविणाऱ्याचे नाव जाहीरपणे खोडून टाकत. आपल्याकडील कुलवृत्तान्तांच्या संपादकांना हे काम परिचयाचे वाटेल. मात्र हा अधिकार त्यांना कोणी दिलेला नसतो, हे बरेच म्हणायचे. आपल्या देवकाशी या ढालीची तुलना काहीजण करतात, ती मात्र फसवी आहे. देवक लग्नकार्यात पुजायचे असते. ढाल दुसऱ्याला दाखवायची असते. आपल्याकडे ढालींची ही पद्धत इंग्रजांबरोबर आली. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना कुलचिन्हे रंगविलेले ध्वज देण्यात आले, त्यांत बडोदे, ग्वाल्हेर व इंदूर येथील आपले मराठी राजेही होते.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत ढाली घेऊन लढण्याचे दिवस संपले होते. उरला होता तो दर्जा. ज्याला कुलचिन्ह तो जंटलमन. कागदोपत्री नावापुढे तसा उल्लेख व्हायचा. जमीन, सरकारी हुद्दा वा विद्यापीठाची पदवी असलेल्या माणसाला शुल्क भरून हा मान मिळविता येई, आणि एलिझाबेथ राणीच्या अमदानीत असा मान मिळविणाऱ्यांची रीघ लागली होती.

जॉन शेक्सपिअर हा स्निटरफील्ड या खेड्यातील कुळाचा मुलगा. शेती सोडून तो जवळच्या स्ट्रॅटफर्डला आला, मऊ कातडे कमावण्याचा व हातमोजे शिवण्याचा धंदा करू लागला. गावच्या दप्तरात त्याचे नाव प्रथम येते ते १५५२ मध्ये, हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केल्याबद्दल झालेल्या दंडाच्या निमित्ताने. पण माणूस कर्तबगार होता. ज्या जमीनदाराची जमीन त्याचा बाप खंडाने कसत होता, त्याच रॉबर्ट आर्डेनची मुलगी मेरी हिच्याशी त्याने लग्न केले. नगरपालिकेत एकेक पायरी चढत १५६८ मध्ये तो गावचा बेलिफ झाला. आपल्या कोर्टाचा बेलीफ येथे डोळ्यांसमोर आणू नये. स्ट्रॅटफर्डचा बेलिफ म्हणजे नगराध्यक्षच, आणि तो पदसिद्ध न्यायाधीशही असे. सहीच्या जागी मात्र जॉन केवळ एक खूण करी. १५७६ च्या सुमारास त्याने कुलचिन्हासाठी पहिला प्रयत्न केला. ढालीचा एक नमुना कागदावर काढलाही गेला. तेवढ्यात दिवस फिरले.

लोकरीचा बेकायदा व्यापार व बेकायदा व्याजबट्टा यांबद्दल त्याच्यावर खटले झाले होते. त्याने पालिकेच्या सभांना जाणे सोडले. १५७८ मध्ये मेरीची माहेरची जमीन चाळीस पौंडांना मेहुण्याकडे गहाण पडली, ती कायमची गेली. सहकाऱ्यांनी बरीच वर्षे त्याची जागा राखून ठेवली, त्याचे दंड माफ केले. अखेर १५८६ मध्ये त्याच्या जागी दुसरा माणूस नेमला. १५९२ च्या एका यादीत, देणेकऱ्यांच्या वॉरंटाच्या भीतीने प्रार्थनामंदिरात न येणाऱ्यांत जॉनचे नाव आहे. लहान गावात हे सारे घडत असताना मुलगा वाढत होता, हे विसरून चालणार नाही. विल्यमचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ चा. चार वर्षांचा असताना त्याने बापाला नगराध्यक्षाच्या झग्यात पाहिले असेल, आणि चौदाव्या वर्षी आईची जमीन जाताना पाहिली असेल.

अठराव्या वर्षी त्याचे लग्न झाले. पत्नी ॲन हॅथवे त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. १५८३ मध्ये सुझॅना ही मुलगी झाली, १५८५ मध्ये हॅम्नेट व ज्युडिथ ही जुळी झाली. मग हा तरुण लंडनला गेला. तेथे तो नटही झाला आणि नाटके लिहू लागला. नटाचा धंदा त्या काळी कसा लेखला जाई, हे १५७२ च्या कायद्यावरून समजते: ज्या नटाला कोणा उमरावाचा आश्रय नाही, तो भटक्या व गुंड लोकांत जमा. विद्यापीठात शिकलेल्या एका नाटककाराने १५९२ मध्ये मृत्युशय्येवरून या बिनपदवीच्या नवख्यावर जहरी टीका केली. पण व्हीनस व अडोनिस हे त्याचे काव्य १५९३ मध्ये गाजले, आणि पुढल्याच वर्षी तो लॉर्ड चेंबरलेनच्या नाटक मंडळीत भागीदार झाला. पैसा आला तो या भागीदारीतून. नुसत्या लेखणीवर तेव्हाही कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही.

या सगळ्या काळात लंडनमध्ये त्याचे बिऱ्हाड भाड्याचेच होते. बिशप्सगेटजवळच्या वस्तीत करवसुली अधिकाऱ्यांच्या थकबाकीदारांच्या यादीत त्याचे नाव सापडते. (सरकारी नोकर या नात्याने हे वाचून बरे वाटले नाही.) कमाई चालली होती ती गावाकडे. पोटासाठी परमुलखात राहून मुलखातल्या घरावर कौले घालणाऱ्या माणसाचे मन कसे असते, हे या मंडळाच्या सभासदांना मी सांगायला नको.

१५९६ च्या ऑगस्टमध्ये त्याचा एकुलता मुलगा हॅम्नेट अकरा वर्षांचा होऊन वारला. ११ ऑगस्ट ही दफनाची तारीख. आणि २० ऑक्टोबर ही त्या मसुद्यांची. मधे अवघे दहा आठवडे.

आता ती फाईल. अर्ज जॉनच्या नावाचा असला तरी त्यामागे मुलगा होता असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ते पटते. साठी उलटलेल्या, कर्जाने खचलेल्या बापापाशी शुल्क भरायला पैसा कोठून येणार? मसुदे लिहून घेणारा सर विल्यम डेथिक हा खात्याचा प्रमुख, गार्टर किंग या पदावरील अधिकारी. जॉनच्या पूर्वजांनी सातव्या हेन्री राजाची इमानी सेवा केली म्हणून त्यांना बक्षीस मिळाले, असे त्यांत म्हटले आहे. एका ठिकाणी पूर्वज, ओळीच्या वर दुरुस्ती करून आजोबा, आणि पुढील एका मसुद्यात पणजोबा! त्या सेवेचा वा बक्षिसाचा कोणताही पुरावा आजवर मिळालेला नाही. तळाशी टिपणे आहेत: वीस वर्षांपूर्वीचा नमुना उपलब्ध आहे, अर्जदार नगराध्यक्ष होता, त्याने आर्डेनच्या कन्येशी विवाह केला, मिळकत पाचशे पौंडांची आहे. हा आकडा वाचून कोणाही अनुभवी कारकुनाच्या चेहऱ्यावर हसू उमटेल. नगराध्यक्षपदाचा काळही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा दिला आहे. प्रत्यक्षात त्याला अठ्ठावीस वर्षे झाली होती. मधल्या पडझडीचा उल्लेख नाही. प्रकरण मंजूर करायचेच असे वरून ठरले की टिपण कसे लिहिले जाते, याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा नमुना समजावा.

सर्वांत मौज ब्रीदवाक्याची. फ्रेंच भाषेतील ते तीन शब्द असे सांगतात की हा मान हक्कावाचून घेतलेला नाही. मसुदा लिहिणाऱ्याने पहिल्या शब्दानंतर स्वल्पविराम दिला. तेवढ्याने अर्थ फिरून, नाही, हक्क नाही, असा झाला! खात्याचा नकारच जणू. ते खोडून पुन्हा लिहिले, पुन्हा तसेच झाले, पुन्हा खोडले. मग मोठ्या अक्षरांत स्वल्पविरामाविना लिहिले. ध चा मा आपल्याला ठाऊक आहे. येथे एका स्वल्पविरामाने मुलाच्या कमाईचे व बापाच्या आशेचे मातेरे झाले असते.

ढाल मात्र फार देखणी आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर काळा तिरपा पट्टा, त्या पट्ट्यावर सोनेरी भाला, त्याचे पाते रुपेरी. वर तुऱ्याच्या जागी पंख पसरलेला रुपेरी ससाणा, पंजात सोनेरी भाला उभा धरलेला. शेक्सपिअर या नावात भाला हलविणे असा अर्थ दडलेला आहे, तेव्हा हे चिन्ह म्हणजे नावावरचा श्लेष. अशी बोलकी चिन्हे मध्ययुगापासून प्रतिष्ठित मानली गेली आहेत. कोणी त्या भाल्यात लेखणी पाहतात, कोणी ससाण्याचा संबंध साउदम्प्टनच्या उमरावाशी जोडतात; कवीने त्याला दोन काव्ये अर्पण केली होती, आणि त्याच्या ढालीवर चार ससाणे होते. ससाण्याचे अनुमान विचार करण्याजोगे आहे. लेखणीचे मात्र मला मान्य नाही. कागद जॉनचा आहे. हातमोजे शिवणाऱ्याच्या सनदेत लेखणी कशाला येईल? ढालीत साधेपणा आहे तो जुन्या, लढाऊ घराण्यांच्या ढालींसारखा. नव्याने मान मिळविलेले लोक ढालीवर अनेक वस्तूंची गर्दी करीत. येथे एक पट्टा आणि एक भाला. हा साधेपणाच पुढे आपत्तीला कारण झाला.

१५९७ मध्ये विल्यमने स्ट्रॅटफर्डमधील न्यू प्लेस हा गावातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा वाडा घेतला; खरेदीच्या दस्तात रक्कम साठ पौंड आहे. बापाची अब्रू जेथे गेली त्याच गावात हे घडले. लंडनमध्ये त्याने इतके मोठे घर कधी केले नाही.

१५९९ मध्ये दुसरा अर्ज गेला: आईच्या आर्डेन घराण्याची ढाल आमच्या ढालीशी जोडून मिळावी, अर्धी उजवीकडे, अर्धी डावीकडे. आर्डेन हे वॉरिकशर परगण्यातील फार प्राचीन कुळ. परंतु मेरीचा बाप त्या कुळातल्या नेमक्या कोणत्या पातीचा, हे सिद्ध झालेले नव्हते. मसुद्यात प्रथम पार्क हॉलच्या बड्या आर्डेनांचे चिन्ह काढले गेले आणि लगेच खोडले गेले. त्याऐवजी चेशर परगण्याच्या आर्डेनांचे क्रूस असलेले चिन्ह घातले, त्यातही धाकटी पाती दाखविणारा लहानसा पक्षी. असे का झाले? पुरावा कमी पडला असेल. शिवाय पार्क हॉलच्या एडवर्ड आर्डेनला १५८३ मध्ये राजद्रोहाबद्दल फाशी झाली होती. त्या घराशी नाते सांगणे सोयीचे नव्हते. विशेष हे की, इतका खटाटोप झाल्यावर शेक्सपिअर कुटुंबाने आर्डेनांचे चिन्ह वापरल्याचे कोठेही आढळत नाही.

त्याच वर्षी बेन जॉन्सनच्या एका नाटकात एक खेडवळ धनिक तीस पौंड मोजून ढाल विकत घेतो, तिच्यावर डोके नसलेला रानडुक्कर असतो आणि ब्रीदवाक्य मोहरीच्या चटणीविषयी असते. प्रेक्षकांना इशारा कळला असावा. हे नाटक खुद्द शेक्सपिअरच्याच मंडळीने रंगभूमीवर आणले होते! मित्राची थट्टा सोसून घेण्याइतका, आणि ती खेळून तिकिटे विकण्याइतका तो व्यवहारी होता.

सप्टेंबर १६०१ मध्ये जॉन वारला, जंटलमन म्हणून वारला. आता ढाल मुलाकडे आली, आणि वर्षभरात तिच्यावर हल्ला आला. कॉलेज ऑफ आर्म्समध्ये राल्फ ब्रुक नावाचा यॉर्क हेरल्ड होता. विद्वान, पण कमालीचा भांडखोर. शाळामास्तर असलेल्या विल्यम कॅम्डनला १५९७ मध्ये एकदम वरच्या पदावर नेमले, ती जागा आपल्याला मिळायला हवी होती, हा त्याचा सल. डेथिकशी त्याचे वैर तर जुनेच. १६०२ मध्ये त्याने तेवीस नावांची यादी करून तक्रार केली, की डेथिकने हलक्या लोकांना ढाली वाटल्या. त्या यादीत शेक्सपिअर. आक्षेप दोन: माणूस योग्यतेचा नाही, आणि ही ढाल मॉली या जुन्या सरदार घराण्याच्या सोनेरी ढालीवरील काळ्या पट्ट्याची नक्कल आहे. डेथिक व कॅम्डन यांनी उत्तर दिले. पट्ट्यावरचा भाला हाच पुरेसा भेद होय. असा पट्टा इतरही घराण्यांच्या ढालींवर आहे. आणि ज्याला ढाल दिली तो स्ट्रॅटफर्डचा न्यायाधीश होता, त्याची पत्नी आर्डेनांची वारस होती, त्याची ऐपत चांगली होती. दोघांनी बाजू मांडली ती बापाची. नटाचा उल्लेखही केला नाही. ढाल कायम राहिली.

जनमानस मात्र ती ढाल कोणाची म्हणून ओळखत होते? हस्तलिखितांच्या अभ्यासक हेदर वुल्फ यांनी २०१६ साली जुन्या चिन्हवह्यांतून या ढालीच्या आणखी काही नोंदी उजेडात आणल्या. त्यांवरून दिसते की पुष्कळांच्या लेखी ती नट शेक्सपिअरचीच होती. ब्रुकचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. शेक्सपिअर ज्या वर्षी वारला त्याच १६१६ मध्ये, नव्या गार्टर किंगची फजिती करण्यासाठी ब्रुकने त्याला फसवून एका माणसाची ढाल मंजूर करवून घेतली. चिन्ह होते अरागॉनच्या राजघराण्याचे, आणि माणूस होता लंडनचा फाशी देणारा मांग. राजाने दोघांनाही तुरुंगात टाकले.

पहिल्या जेम्स राजाने १६०३ मध्ये शेक्सपिअरच्या मंडळीला राजाश्रय दिला. पुढील वर्षी राजाच्या मिरवणुकीसाठी प्रत्येक नटाला साडेचार वार तांबडे कापड मिळाले, त्या यादीत त्याचे नाव आहे. तोवर स्ट्रॅटफर्डला ३२० पौंडांत १०७ एकर जमीन झाली होती. १६०५ मध्ये ४४० पौंडांना गावच्या धर्मकराच्या उत्पन्नात त्याने वाटा घेतला. हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर आणि मॅक्बेथ या नाटकांची ही वर्षे, आणि खरेदीखतांचीही.

पण ढाल कोणासाठी? तिघे भाऊ त्याच्याआधी गेले. १६१६ च्या मार्चमध्ये त्याने मृत्युपत्र केले, त्यात ही विवंचना ओळीओळीत आहे. वाडा व जमिनी सुझॅनाला, तिच्यामागे तिच्या पहिल्या मुलाला, तो नसल्यास दुसऱ्याला, तिसऱ्याला, असे करत थेट सातव्या मुलापर्यंत. सुझॅनाला तेव्हा एकच अपत्य होते, एलिझाबेथ नावाची आठ वर्षांची मुलगी. आपली तलवार त्याने गावातील टॉमस कोम या तरुणाला दिली. तलवार बाळगण्याचा मान ज्या ढालीमुळे मिळाला, ती कोणाला देण्याजोगी वस्तू नव्हती. २३ एप्रिल १६१६ रोजी तो वारला.

ज्युडिथला त्याच वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव आईने माहेरचे आडनावच ठेवले, शेक्सपिअर क्विनी. तो सहा महिन्यांत गेला. नंतरचे दोन मुलगे वाढले, पण १६३९ मध्ये विशीच्या उंबरठ्यावर असताना एकापाठोपाठ वारले. सुझॅनाला दुसरे मूल झाले नाही. एलिझाबेथची दोन लग्ने झाली, दोन्ही निपुत्रिक. १६७० मध्ये ती वारली आणि कवीचा वंश संपला.

स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी प्रार्थनामंदिरात त्याच्या समाधीच्या शिळेवर नाव नाही. वरच्या भिंतीत त्याचा अर्धपुतळा आहे आणि त्याच्या माथ्यावर ती ढाल कोरलेली आहे, आर्डेनांच्या जोडीविना, एकटी. जवळच जावई डॉ. जॉन हॉल याच्या शिळेवर हॉलांच्या चिन्हाला लागून अर्ध्या भागात तोच भाला आहे.

वंश चालला तो बहिणीचा. जोनने विल्यम हार्ट नावाच्या टोप्या करणाऱ्याशी लग्न केले होते. भावाने मृत्युपत्रात तिला हेन्ली स्ट्रीटवरील जुन्या घरात नाममात्र भाड्याने राहण्याची सोय करून दिली. तिची मुलेनातवंडे कारागिरीत राहिली; त्यांच्यापाशी ढाल नव्हती, घर होते. जॉनने ज्या घरात हातमोजे शिवले, ते घर हार्ट मंडळींनी १८०६ पर्यंत सांभाळले आणि त्या वर्षी एका खाटकाला विकले. १८४७ मध्ये ते लिलावात निघाले, तेव्हा लोकवर्गणी करून तीन हजार पौंडांना राष्ट्रासाठी विकत घेण्यात आले.